पुढचा दांडा

शिवाजी पेठ, कोल्हापूर
मंगळवार

प्रिय वसंता,

हे पत्र अंतरा तुला वाचून दाखवत असणार, म्हणून शिव्या गाळल्या आहेत. पोरी, आजोबा मधेच उठायला लागले तर धरून बसव.

पंधरा दिवसांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दिवाळीत तुझ्या मोतीबिंदूचा विषय निघाला तेव्हा तू काय म्हणाला होतास ते ध्यानात आहे. "भूल न्हाय, इंजेक्शन न्हाय, नुसतं थेंब टाकून जागेपणी डोळा कापत्यात. आपुन जन्मभर उजेडाला नजर चुकवल्याली माणसं. डोळा हलला तर आंधळाच व्हायचो की." एवढं बोलून तू गारगोटीत दार लावून बसलास. आता ताटात भाजी कुठं न् चटणी कुठं हे अंतरा सांगते, तेव्हा तू जेवतोस. तिनंच मला फोनवर सांगितलं. तिच्यावर डाफरू नकोस.

तर ऐक. थेंब टाकले, डोळा बधिर झाला. तोंडावर हिरवं कापड, त्याला डोळ्यापुरतं भोक. पापणी मिटू नये म्हणून चिमटा लावला, तो कळला पण दुखला नाही. डॉक्टर अनुजा, आपल्या लेकीच्या वयाची बाई, म्हणाली, "काका, आता फक्त दिव्याकडं बघायचं." अरे, शिरोलीच्या फाउंड्रीत तीस वर्षं तू माझ्या कानीकपाळी काय ओरडलास? "रसाकडं बघू नगंस, माझ्या पाठीकडं बघ!" वितळलेल्या लोखंडाची लेडल, म्हणजे अंतरा, लांब दांड्यांची बादली, दोघांनी उचलायची, पुढचा दांडा तुझा, मागचा माझा. दिवा लागला आणि सवयीनं माझा डोळा सरकन खाली गेला. बाई थांबली. "काका, पळताय कुठं? हाय तिथंच बघा की." "व्हय" म्हणताना मी मानही हलवली, तशी तिनं मला चांगलंच दटावलं. वसंता म्हणाला तेच होणार, असं वाटलं.

मग मी त्या उजेडाच्या मधोमध तुझी पाठ उभी केली. घामानं चिकटलेला खाकी शर्ट, खांद्यावर ठिणग्यांनी पडलेली तीन भोकं. तिच्याकडं बघत राहिलो आणि डोळा जागचा हलला नाही. मशीनची गुणगुण ऐकू येत होती, गार पाणी वाहत होतं, मधेच थोडा दाब. दिवा विरघळून निळा झाला, गुलाबी झाला, पेठेतली रंगपंचमीच म्हण. वीस मिनिटांत "झालं काका" म्हणाली. मला तर अजून थोडं बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि आमच्या हिची, तानाबाईची, तपकिरी साडी जांभळी निघाली. ती म्हणाली, "दोन वरीस मी काय सांगत हुतो?" रविवारी काळा चष्मा लावून पेठेच्या फुटबॉल मॅचला गेलो. दोन वर्षं ज्या ऑफसाइडवरून मी रेफरीचा उद्धार केला, ते मला कधी दिसलेच नव्हते, हे आता कळलं. त्याला जाऊन चहा पाजला. तो अजून घाबरलेला आहे.

आता खरं सांगतो. बाई म्हणाली होती, "काका, तुम्हाला घाई नाही, वर्षभर थांबलात तरी चालेल." मीच मागं लागलो. फाउंड्रीत माझ्या पहिल्या दिवशी मी लेडल बघून मागं सरकलो, तेव्हा तू पुढचा दांडा धरून म्हणालास, "म्होरं मी हाय. काय व्हायचं ते आदी मला हुईल." वसंता, ते मी विसरलेलो नाही. या वेळी पुढचा दांडा मी धरला. पुढच्या गुरुवारी सकाळी साडेनऊची वेळ तुझ्या नावानं घेतली आहे. अंतराचा हात धरून ये. मी दाराबाहेर बसतो. दिवा लागला की माझ्या पाठीकडं बघ, त्या दिवशी बिनभोकाचा शर्ट घालतो.

तुझाच,
पिराजी