देणाऱ्याचं रक्त

५ फेब्रुवारी
हॉस्पिटलचा फोन. सु.चा आणि माझा रक्तगट जुळतो. एक किडनी तिला द्यायची, एक मला ठेवायची, इतकं सरळ. वेअरहाऊसच्या दारातूनच तिला फोन लावला. म्हणाली, "बरं. डबा खाल्लात का?" सत्तावीस वर्षांचा संसार, आणि एवढ्या मोठ्या बातमीवर डबा.
नर्स हेसुद्धा म्हणाली की बाकीच्या रिपोर्टवर जरा बोलायचंय. ते सु.ला सांगितलं नाही. उगाच कशाला.

१२ फेब्रु.
डॉक्टरीणबाई आमच्या लेकीपेक्षा, प्रज्ञापेक्षा, चारपाच वर्षांनी मोठी असेल. टेप घेऊन कंबर मोजली. १०४ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना ९० च्या आत हवी म्हणे, इकडच्या गोऱ्यांना जरा सूट आहे. इथेही फरक आहेच.
रक्तातली चरबी ३.२, हवी त्याच्या जवळपास दुप्पट. चांगलं कोलेस्टेरॉल कमी. तीन महिन्यांची साखर ४६. ४२ च्या खाली हवी, ४८ ला मधुमेह. म्हणजे मी उंबरठ्यावर बसलोय. या सगळ्याला मिळून मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. मी म्हटलं, मला काहीच होत नाही, सिक लीव्हसुद्धा घेत नाही. ती म्हणाली, अजून होत नाही. पुढे मधुमेह झाला तर उरलेल्या एका किडनीवर येईल, आणि एक पेशंट बरा करायला दुसरा तयार करायचा नाही.
तीन महिने दिलेत. मग पुन्हा रक्त.

१३ फेब्रु.
सु.ला सांगितलं, अजून टेस्ट बाकी आहेत. खोटं नाही. तिला साखर नाही, चरबी नाही, जन्मभर मोजून खाणारी बाई, आणि किडन्या तिच्याच गेल्या. मी ताटावर ताट रिचवतोय आणि माझ्या दोन्ही धडधाकट. राग कुणाचा करायचा तेच कळत नाही.

३ मार्च
आज चिकनचा अख्खा ट्रक परत पाठवला. दार उघडलं तेव्हा आत दोन डिग्री, एकदम छान. पण ट्रकमधला तापमान नोंदणारा लॉगर काढला तर वाटेत चार तास अकरावर. ड्रायव्हर म्हणे, आता थंड आहे ना, मेट. मी त्याला ऐकवलं, दारात आल्यावर थंड करून उपयोग नाही, लॉगर सगळी वाट लिहितो.
तीन महिन्यांची साखर म्हणजे तेच. टेस्टच्या आदल्या रात्री उपाशी राहून ती खाली येत नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. घरी येऊन शेवचिवडा खाल्ला. वाटीभरच. मग अजून वाटीभर.

२१ मार्च
चालायला गेलो, कॅनॉलच्या कडेने. वीस मिनिटं. पाऊस. परत.

१४ एप्रिल
जयंती. हॉल गच्च. वीस वर्षं जेवणाचं खातं माझ्याकडे, त्यामुळे दिवसभर पातेल्यांच्या मधे. ठरवून गेलो होतो, फक्त कोशिंबीर. पिनरला राहणारे गायकवाडकाका जिलेबी घेऊन आले. "घे रे, आजच्या दिवशी नाही म्हणू नये." किडनीचं त्यांना सांगितलं असतं तर सगळ्या हॉलला कळलं असतं. घेतली. मग कुणी बघत नसताना पॅन्ट्रीत चार.
दुपारी धम्मावर भाषण झालं. दानावर चांगलं बोलले वक्ते. मी मान खाली घालून बसलो होतो. खाई त्याला खवखवे.

२८ एप्रिल
टेस्टला पंधरा दिवस. आता काकडी, सूप, अंड्याचं पांढरं. भाकरी बंद. रोज दीड तास चालणं. वरातीमागून घोडं, पण निघालंय खरं.
सु. बघते. तिचे पाय संध्याकाळी सुजतात. बोट दाबलं की खड्डा राहतो. जुलैपासून डायलिसिस म्हणाले.

६ मे
कामावर शिडीवर चक्कर. दोन मिनिटं बसलो, कुणाला कळलं नाही.

२० मे
चरबी १.६. कंबर ९९. साखर ४५.
नाही म्हणाले. नर्स चांगली आहे, हात धरला तिने. म्हणाली, तुमच्या बायकोला आम्ही एवढंच कळवू की तुम्ही डोनर म्हणून योग्य नाही. कारण तुमचं खाजगी, सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी लगेच म्हटलं, नका सांगू. केवढं हलकं वाटलं, लाज वाटते लिहायला.
घरी सांगितलं, जमत नाही म्हणतात. सु. म्हणाली, "असू दे." आणि कणीक मळायला घेतली.

२३ मे
सु. नागपूरला तिच्या बहिणीशी बोलत होती, दार अर्धवट उघडं. "घाबरले असतील गं. ऑपरेशन म्हणजे काय खेळ आहे? मी नाही दोष देत."
मी जिन्यातच उभा राहिलो. आत जाऊन ओरडावंसं वाटलं की घाबरलो नाही, खाल्लं. पण मग वाटलं, घाबरलेलाच बरा. घाबरणं माणसाच्या हातात नसतं.
झोप नाही.

३० मे
प्रज्ञाने डोनरचा फॉर्म आणलाय. सु. म्हणाली, पोरीची घेणार नाही, मेले तरी. प्रज्ञा म्हणाली, "मम्मी, तुझा नाही, माझा डिसिजन आहे."
स्वयंपाकघरात फॉर्म भरत होती. मला विचारलं, "बाबा, आपल्या फॅमिलीत डायबिटीस कोणाला आहे? किंवा बॉर्डरलाइन?"
सु. तिथेच भाजी चिरत होती. मी म्हटलं, "नाही. कुणालाच नाही."
तिने नाहीवर खूण केली. माझ्यादेखत.

३१ मे
दिवसभर कामात लक्ष नाही. दोन ट्रक चुकीच्या दारावर लावले. माझ्याच रक्ताची पोर. तिच्यात काय उतरलंय कोणाला ठाऊक, आणि मी डॉक्टरांना सांगितलंय की काहीच नाही. त्यावर ते तिला कापतील.
माझी लाज तिच्या पोटापेक्षा मोठी आहे का? लिहून बघितल्यावर उत्तर सोपं वाटतं. तोंडाने बोलायला गेलो आणि कचऱ्याची पिशवी उचलून बाहेर गेलो.

१ जून
सांगितलं. सकाळी चहाला, दोघींसमोर. रिपोर्ट टेबलावर ठेवले. पॅन्ट्रीतल्या चार जिलेब्यासुद्धा सांगितल्या.
प्रज्ञा वाचत होती. "ओके. मग माझ्या पण ह्या सगळ्या टेस्ट करायला सांगते. फॉर्म चेंज करते." एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं.
सु.ने कप बाजूला सारला. मग म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्हाला द्यायची नाही."
"द्यायची होती गं."
"मग एवढे दिवस मला तसं का वाटू दिलंत?"
मी रिपोर्ट गोळा करायला लागलो. ती उठून बाहेर बागेत गेली. मीही मागे गेलो, पण ती वळली नाही. आम्ही कपडे वाळत घातले दोघांनी.

८ जून
प्रज्ञाचं रक्त घेतलं. सात छोट्या नळ्या. टेपने कंबरसुद्धा मोजली. मी बाहेर बसलो होतो. गुरुवारी सकाळी नऊला फोन करतील.

११ जून, गुरुवार
पहाटेपासून जागा. आकडे चांगले आले तर पोर टेबलावर जाणार. पंचविसाव्या वर्षी पोट फाडून घेणार, आणि सु. मला कधी माफ करणार नाही. वाईट आले तर सु.ला डायलिसिस, आणि पोरीच्या रक्तात मी. आपल्याकडे देवाला काही मागायची रीत नाही ते बरंच. मागायचं म्हटलं असतं तर काय मागितलं असतं?
आता दहा वाजून वीस. फोन नाही. प्रज्ञा बूट घालून बसली आहे, कामाला उशीर होतोय तिला. सु.ने तिच्यासमोर पोहे ठेवलेत. माझ्यासमोरही ठेवलेत, अर्धी वाटी, लिंबू पिळून. कुणी खात नाहीये.