मास्तरची नजर

रविवार, १६ नोव्हेंबर

चि. चिमणे,

आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, पण जिने चढू देतो. तुझ्या वहिनीने पेपरातला तुझा फोटो कापून फ्रिजवर लावलाय. पाणी घ्यायला गेलो की तू दिसतेस, शेजारी मास्तर जीभ काढून बसलेला. फोटो छान आलाय. जरा हसली असतीस तरी चाललं असतं.

फोन न करता लिहितोय, कारण फोनवर तू मला पहिल्या वाक्यालाच गप्प करतेस. वहिनी उद्या तुझ्याकडे येतेय, तिच्या हाती देतो. शेवटपर्यंत वाच. मध्येच फाडू नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

मास्तर कसा आहे? जेवतो ना नीट? डाव्या कानामागे त्याला खाज सुटते, तिथे खाजवलं की डोळे मिटतो. हे तुला कळलं असेलच एव्हाना. श्वानपथकात इतकी वर्षं मी त्याचा हँडलर होतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मला सामानाच्या खोलीत बसवलं आणि त्याचा पट्टा तुझ्या हाती दिला, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणालो, "घरातच राहिला, बरं झालं." धडधडीत खोटं. परक्या कुणाला दिला असता तर परवडलं असतं. मास्तर रुसेल, जेवणार नाही, अशी आशा तरी ठेवता आली असती. तुझ्या हातचं त्याने दुसऱ्याच दिवशी खाल्लं. त्या संध्याकाळी चहा पांचट झालाय म्हणून मी तुझ्या वहिनीवर ओरडलो. चहा चांगला होता.

आता गुरुवारच्या ओळख परेडबद्दल. साहेबांनी मला मान म्हणून बोलावलं, मागे खुर्ची दिली. औषधांच्या गोदामात चोरीनंतर सापडलेला तो लोकरी हातमोजा तू मास्तरला हुंगायला दिलास आणि भिंतीशी उभ्या माणसांसमोरून त्याला नेऊ लागलीस. पहिल्या दोघांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. संशयावरून धरून आणलेल्या त्या किल्लीवाल्यापाशी थांबला, मान वळवून वर तुझ्याकडे पाहिलं आणि खाली बसला. साहेब म्हणाले, "झालं काम." मागे कुणीतरी टाळी वाजवली.

मला मात्र फक्त ती नजर दिसली. सगळं जग बाजूला सारून त्याने तुझ्याकडे पाहिलं. ती नजर माझी होती गं. घरी येईपर्यंत आणि आल्यावरही मी तिच्यावरच जळत होतो. तुझी वहिनी म्हणाली, "अहो, सख्खी बहीण आहे तुमची. किती पोटात दुखावं माणसाच्या?" मी म्हटलं, "माझ्या नाही दुखत," आणि ताट अर्धवट टाकून उठलो.

गॅलरीत बसून तेच उगाळत राहिलो. तो माझ्याकडे असा केव्हा केव्हा पाहायचा, ते एकेक आठवायला लागलो. आणि मग मी घाबरलोच. मास्तरला वास खरोखर सापडतो तेव्हा तो कुणाकडेच बघत नाही. आपण तिथे आहोत हेही विसरतो. नाक त्या माणसाच्या हाताला लावतो, धपकन बसतो, मग ओढून उठवावा लागतो. माझ्याकडे तो पाहायचा ते शिकत होता तेव्हा, वास सापडत नसला की. बसू का इथे, असं विचारायचा. माझ्या हातातला पट्टा जरा सैल पडला की बसायचा आणि खाऊची वाट बघायचा. ती खोड मोडताना माझ्या नाकी नऊ आले होते.

किल्लीवाल्यापाशी तुझा पट्टा सैल पडला, चिमणे. तू मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही. तुला कळलंही नसेल. पण साहेबांनी त्याला तुझ्यादेखत तिथे उभं केलं होतं, आणि हाच तो चोर, असं सगळं ठाणं आठवडाभर बोलत होतं. त्याच्यासमोर आलीस, सुस्कारा सोडलास, हात खाली आला. मास्तरने तुझं ऐकलं.

त्या माणसाविरुद्ध दुसरं आहे काय? कुलूप न तोडता उघडलं होतं आणि याला कुलपं उघडता येतात. बस. मास्तर बसला की आपले लोक पुढचा शोध गुंडाळतात, हे आपण दोघंही जाणतो. म्हणजे वॉचमनचं डोकं फोडणारा मोकळा आणि हा आत. शुक्रवारपासून त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसलेली असते. मी आत जाताना ती पाय आखडून मला वाट देते.

परीक्षा पुन्हा घ्यायला हवी. माणसं नकोतच. प्रत्येकाने हाताळलेलं फडकं सारख्या डब्यांत ठेवायचं, आणि कुठला डबा कुणाचा हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नसावं. तुलाही नाही.

लोक म्हणणार, कुत्रा गेला म्हणून हा जळतोय. खरंच आहे, जळतोयच. आणखी वाईट ऐक. माझं म्हणणं खरं ठरलं तर मास्तरचं नाव खराब होईल. वय झालंच आहे, त्याला निवृत्त करतील, आणि निवृत्त कुत्रा पहिल्या हँडलरच्या घरी जातो. म्हणजे माझ्या. हे लक्षात आलं तेव्हा किल्लीवाला बाजूला राहिला आणि मी मास्तरचं अंथरूण कुठे घालायचं ते ठरवू लागलो. खिडकीखाली, ऊन येतं तिथे. इतका खाली गेलो.

म्हणून काल साहेबांकडे अर्ज दिला. परेडमध्ये जे दिसलं ते लिहिलं. शेवटी लिहिलं, की मास्तर निवृत्त झाला तर त्याच्यावरचा हक्क मी आजच सोडतो, तो माझ्या बहिणीकडे जाईल. साहेबांनी चष्मा काढला. "विचार करून लिहिलंय ना? हे मागे घेता येत नाही." मी हो म्हटलं.

आता ते तुला विचारतील, पट्टा सैल पडला होता का. तुझ्या हाताला जे आठवतं तेच सांग. आठवत नाही म्हणालीस, तर माझा शब्द म्हणजे नुसता जळफळाट ठरेल आणि तो माणूस आतच राहील. फोटो, कौतुक, सगळं जाईल तुझं, मला कळतंय. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं असं लिहिणार होतो. थोडं वाटतं.

इतक्यात तुमच्याकडे येणार नाही. मला दारात पाहूनही मास्तर तुझ्याच पायाशी बसून राहिला, तर ते मला सोसायचं नाही.

अजून जळणारा, तरी तुझाच,
दादा