दर शनिवारी आमच्या वावरात खोदल्या जाणाऱ्या खड्ड्यांबाबत

दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

प्रति,
मा. उपविभागीय दंडाधिकारी साहेब,
उपविभागीय कार्यालय,
जिल्हा अमरावती.

अर्जदार : गजेंद्र खुशालराव खंडारे, वय ५२, धंदा शेती, रा. मौजे कवठाळी, वलगावच्या पुढे.

विषय : सहा शनिवारी सहा खड्डे खोदले गेले असून उद्या शनिवार असल्याने आजच लेखी उत्तर मिळणेबाबत.

संदर्भ : १) ग्रामपंचायतीस दि. ८ सप्टेंबर रोजी दिलेला दफनाच्या जागेचा अर्ज, घरातील माणसांच्या यादीसह.
२) तलाठी साहेबांचा पंचनामा, दि. १६ ऑक्टोबर.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, आपणास हा अर्ज वाचायला दहा मिनिटे लागतील आणि आज संध्याकाळी पाच वाजून चोवीस मिनिटांनी माझ्या घरी वाती लागून आमचा शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, सुरू होईल. त्यानंतर उद्या आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत मला लिहिता येत नाही, सही करता येत नाही, फोन उचलता येत नाही. सबब जे सांगायचे ते आताच सांगून घेतो.

१. आमचे घर चार पिढ्या ख्रिस्ती होते. माझे पणजोबा मिशनच्या दवाखान्यात पाणी भरत, तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आमची नावे तेव्हाही बदलली नाहीत, आताही नाहीत. माझे वडील खुशालराव, आज वय ८२, मिशनच्या देवळात घंटा वाजवायचे. त्यांनीच एक दिवस पाळकांना विचारले, येशू सोता कोनत्या दिवशी देवाच्या घरी जात होता? पाळक म्हणाले, शनिवारी. वडील म्हणाले, मंग आपन रविवारी काहून जाऊन राह्यलो? त्या प्रश्नाचे उत्तर शोधत आम्ही नऊ वर्षे वाचत राहिलो. वाचता वाचता येशूच्याही मागे गेलो, मोशेपर्यंत. ठाण्याच्या यहूदी समाजातील एका वडीलधाऱ्यांनी आधी तीनदा परत पाठवले, चौथ्यांदा बसायला पाट दिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये बाहेरदेशाहून आलेल्या तीन धर्मपंडितांपुढे आमची परीक्षा झाली. पुरुषांचे जे करायचे असते ते अकोल्याच्या सर्जनकडे झाले, वडिलांचेही. मग पूर्णेच्या डोहात आम्ही एकेक जण पूर्ण बुडून वर आलो. पाणी फार थंड होते. वडील वर आले ते हसत आले. कोणी पैसा दिला नाही, कोणी भीती घातली नाही. प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.

गावात आम्हाला 'शनवारवाले' म्हणतात. शनि लागला यायले, असेही म्हणतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जुन्या काळी कोकणातल्या यहुद्यांना शनिवार तेली म्हणत, ते शनिवारी घाणा जुंपत नसत म्हणून. आम्हाला नाव तरी ओळखीचे मिळाले.

२. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, मातीत ठेवतात, आणि होता होईल तो त्याच दिवशी ठेवतात. माझी आई सुभद्रा सन २०१७ मध्ये वारली, ती ख्रिस्ती कब्रस्थानात आहे. तेथील समितीने लेखी कळवले की आईला कोणी हलवणार नाही, परंतु तुमच्यापैकी यापुढे कोणाला जागा नाही. त्यांचा नियम त्यांच्या ठिकाणी बरोबर आहे. वडिलांचे वय पाहता मी ग्रामपंचायतीकडे चार माणसांपुरती, पाच माणसांपुरती जागा मागितली. तिथल्या बाबूंनी विचारले, यहूदी म्हंजे शिखांतले का? मी नाही म्हटल्यावर त्यांनी रकान्यात 'इतर' लिहिले आणि सांगितले, किती मानसं हायेत त्याची यादी जोडा, वयासकट. मी यादी जोडली. चूक झाली ती तिथे झाली. यादी अशी : एक, खुशालराव, वडील. दोन, गजेंद्र, स्वतः. तीन, साधना, पत्नी. चार, कुंदन, मुलगा. पाच, शकुन, सून.

३. दि. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा अर्ज वाचला गेला. त्या दिवशी दसरा होता, धम्मचक्र प्रवर्तन दिन होता, गांधी जयंती होती, आणि योगायोगाने आमचा वर्षातला सर्वांत मोठा उपास होता. गावात प्रत्येकाचे काही ना काही होते. मी घरात उपाशी बसलेला, त्यामुळे सभेला नव्हतो. ऐकले ते असे, की सचिवांनी यादी नावानिशी मोठ्याने वाचली, आणि मागून कोणीतरी म्हटले, जागा काहून मागता, खड्डेच देऊन टाका ना. सगळे हसले म्हणतात. मीही असतो तर बहुधा हसलो असतो.

४. ठराव झाला नाही. परंतु दि. ४ ऑक्टोबर, शनिवारी, आमच्या वावरात पहिला खड्डा पडला. सोयाबीन निघाल्याने ते रान मोकळे होते, चहूकडून तूर पुरुषभर उभी आहे, आत काय चालले ते रस्त्यावरून दिसत नाही. वावर गावापासून अडीच किलोमीटर. आम्ही शब्बाथच्या दिवशी वस्तीच्या टोकापासून साधारण एक किलोमीटरच्या पलीकडे पाय टाकत नाही, हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. रविवारी सकाळी गेलो तर खड्डा तयार. कोपरे कापल्यासारखे सरळ, माती एका अंगाला नीट रचलेली. मी टेपने मापला. सहा फूट दोन इंच लांब, अडीच फूट रुंद. माझे वडील गावात उंच म्हणून ओळखले जातात. ते काठीवर भार देऊन आत वाकले आणि म्हणाले, माप बराबर हाये.

५. दि. ११ ला दुसरा. तो तोकडा, पण रुंद. मी अंगाने भरलेला आहे. दि. १८ ला तिसरा, पाच फुटांच्या आत, साधनाच्या उंचीचा. खोदणाऱ्याच्या हातात माझी यादी आहे आणि तो ती वरून खाली वाचत आहे, एवढे आमच्या तेव्हा ध्यानात आले.

दुसऱ्या खड्ड्यानंतर तलाठी साहेब येऊन गेले. पंचनाम्यात त्यांनी 'शेतकऱ्याने संत्रा लागवडीपूर्वी घेतलेले खड्डे' असे नमूद केले. मी नम्रपणे निदर्शनास आणले की संत्र्याचा खड्डा चौरस असतो आणि एवढा खोल नसतो. ते म्हणाले, यासाठी दुसरा रकाना नाई. परिणामी माझे नाव फळबागेच्या यादीत चढले असून कृषी सहायक कलमे केव्हा नेता म्हणून विचारतात. फोन शनिवारी करतात.

६. पोलीस ठाण्यात गेलो. काही चोरीला गेले का, विचारले. मी म्हटले, नाही. माती? ती जागेवरच आहे. मग काय गेले? मी शनिवारी माणूस द्या म्हटल्यावर, त्या दिवशी बाजाराचा बंदोबस्त असतो, तुमीच बसा ना राखनीले, असे सांगण्यात आले. तहसीलला शनिवारी सुट्टी, आपल्या कार्यालयाला सुट्टी, आम्हालाही सुट्टी. साहेब, त्या दिवशी कामावर एकटा तोच असतो.

७. शेजारच्या वावराचे देवराव माझ्या लहानपणापासूनचे सोबती. त्यांनी आपणहून सांगितले की २५ तारखेला मी कपाशीच्या पऱ्हाटीत बसतो, पाहतो कोन येते ते. ते बसले. रविवारी चौथा खड्डा होता, कुंदनच्या मापाचा. मी देवरावांकडे गेलो तर ते अंगणात दोर वळत होते, मान वर केली नाही. म्हणाले, गजू, मले इचारू नको बाप्पा, मी लेकरावाला मानूस हावो. त्यांनी पाहिले आहे. त्यांचा जबाब घ्यावा असे मी म्हणत नाही.

मी कोणाचेही नाव संशयित म्हणून देत नाही. गावात सगळ्या जातीधर्माची माणसे राहतात आणि फावडी सगळ्यांची सारखी असतात.

८. दि. १ नोव्हेंबरला पाचवा झाला, शकुनचा. यादी संपली. मला वाटले, आता मस्करी संपली. त्या आठवड्यात आम्ही जरा जेवलो.

९. दि. ८ नोव्हेंबर. याची वेळ पुराव्यासाठी सांगणे भाग आहे आणि आमचा फोन त्या दिवशी बंद, भिंतीवरचे घड्याळ बिघडलेले, म्हणून गाण्यावरून सांगतो. शनिवारी सकाळी प्रार्थना झाल्यावर वडील दाविदाची स्तोत्रे म्हणतात, माझ्या आईच्या जात्यावरच्या चालीत. त्यांना दुसरी चाल येत नाही. शेवटी स्वतःची जोडलेली एक ओवी म्हणतात :

शनवारच्या सकाळी, बैल नको जुपू बाई
सहा दिस राबला देव, आज त्यालेबी घाई नाई

पहिली ओळ संपली आणि घरामागे ठक असा आवाज झाला. थोड्या वेळाने पुन्हा. कोणी लाकूड फोडते असे सर्वांना वाटले. आवाज एका लयीत होता, संथ. साहेब, वडिलांना तो ठेका आवडला. त्यांनी ओवी त्या ठेक्यावर धरली. साधनाने टाळी धरली. शकुन हसत होती. आम्ही पाचही जण दार लावून बराच वेळ त्या ठेक्यावर गात राहिलो. आमचे गाणे थांबले तेव्हा तोही थांबला.

दुपारी साधना परसात गेली. शेवग्याखाली सहावा खड्डा होता. दीड फूट लांब, एक फूट रुंद. कडेला माती हाताने थापून गुळगुळीत केलेली.

१०. माझ्या सुनेला चौथा महिना चालू आहे. ही गोष्ट आमच्या घराबाहेर कोणाला सांगितलेली नाही. ती फक्त आरोग्य उपकेंद्राच्या वहीत आहे. वही कोणी कोणी पाहिली, हे मी विचारू शकत नाही, आपण विचारू शकता.

भिंतीपलीकडे माझी आत्या पार्बताबाई राहते. ती ख्रिस्ती आहे. आमच्याकडे येत नाही, पण भिंतीवर ताकाचा गडवा ठेवते. तिला विचारले, आत्या, शनिवारी मागं कोनी दिसलं का? ती म्हणाली, मले काई दिसलं नाई बाप्पा, डोयात मोतीबिंदू हाये. मग गडवा उचलता उचलता म्हणाली, पोरीले मायेरी धाडून दे, पातूरले. आजच धाड. मी तिला पोरीबद्दल काही सांगितलेले नव्हते. शकुन जायला तयार नाही. ती म्हणते, मामाजी, मी गेली तरी मोजनारा मोजतेच, त्याले पातूर काय लांब हाये?

११. मी ठाण्याच्या वडीलधाऱ्यांना फोन केला. त्यांनी स्पष्ट सांगितले की जिवाला धोका असेल तर शब्बाथ मोडता येतो, नव्हे मोडलाच पाहिजे. परंतु धोका आहे की नाही हे ठरवायचे कोणी? पोलीस म्हणतात, खड्ड्याने कोणी मेल्याचे उदाहरण नाही. पंचनामा म्हणतो, संत्री आहेत. वडील म्हणतात, एका खड्ड्यासाठी उठलो त पुढच्या शनवारीबी उठा लागन, मंग तो दिवस आपला राह्यला कोठी? मला काहीच ठरवता येत नाही. शब्बाथ उगाच मोडला तर देवाचा गुन्हेगार, पाळला आणि काही झाले तर शकुनचा.

तरी माझी विनंती एवढीच की,

(अ) 'सदर कुटुंबाच्या जिवास धोका आहे' किंवा 'धोका नाही' यांपैकी एक वाक्य आपल्या सहीशिक्क्याने आज चार वाजेच्या आत मिळावे. आहे म्हणून मिळाले तर मी व कुंदन उद्या दिवसभर काठ्या घेऊन परसात बसू आणि देवापुढे आपला कागद ठेवू. नाही म्हणून मिळाले तर तो मी सुनेच्या उशाशी ठेवीन. सहा रात्री झाल्या, ती झोपलेली नाही.

(ब) दफनाच्या जागेचा अर्ज मी मागे घेत आहे. आम्हाला जागा नको. परंतु त्यासोबतची यादी फाईलमधून काढून मला परत मिळावी, व तिची दुसरी प्रत कोणाकडे नाही असे लिहून मिळावे.

(क) खड्डे बुजवण्याची परवानगी मिळावी. पंचनाम्यात पहिले दोन फळबागेचे असल्याने कोणताही खड्डा बुजवल्यास माझ्यावर कारवाई होईल असे तोंडी सांगण्यात आले आहे. सबब सहाही अद्याप उघडे आहेत.

मी हा कागद स्वतः आवक टेबलावर देऊन चार वाजेपर्यंत आपल्या कार्यालयाच्या पायरीवर बसून राहीन. चारची एसटी सुटली तर वाती लागण्याआधी घरी पोचत नाही, म्हणून त्यापुढे थांबता येणार नाही.

आपल्या एका ओळीची वाट पाहणारा,

(सही)
गजेंद्र खुशालराव खंडारे

सोबत :
१) धर्मप्रवेशाचे प्रमाणपत्र, मराठी भाषांतरासह.
२) कब्रस्थान समितीचे पत्र.
३) पंचनाम्याची प्रत.
४) सहा खड्ड्यांची मापे, टेपने घेतलेली, कुंदनच्या अक्षरात.
५) सोमवार दि. १७ नोव्हेंबरचा तक्रार अर्ज, पाचही जणांनी आजच सह्या करून ठेवलेला. खड्डा कोठे, किती लांब, आणि आत काय, या तीन जागा कोऱ्या सोडल्या आहेत. त्या वेळी आमच्यापैकी कोणी हजर नसल्यास कार्यालयाने भरून घ्याव्यात.