मॉर्टलेक घराण्यातल्या धाकटीची व्यवस्था

मी, हार्मन पीटर ऑस्ट्रँडर, वय बासष्ट, धंदा व्यंगचित्रं काढणे, राहणार नवे केटल हॉलो (जुने धरणाच्या पाण्याखाली गेले), जिल्हा डेलावेअर, राज्य न्यूयॉर्क, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दबावाखाली न येता माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. छातीचं मात्र काही खरं नाही, असंही त्यांनीच सांगितलं, म्हणून ही घाई. घाबरलेल्या माणसाची शुद्ध हरपते असा कोणाचा समज असेल तर तो खोटा आहे. मी जन्मभर घाबरलेलो आहे आणि माझ्याइतका जागा माणूस या खोऱ्यात दुसरा नसेल.

कलम पहिले. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. ते कोरा माझी बायको होती तेव्हाचं आहे. "या घरात आपल्या दोघांपेक्षा ती चित्रातली भुतंच जास्त राहतात, मला नाही जमायचं," असं म्हणून ती गेली. तिचं चुकलं नाही. तिला माझ्याकडून काही नको आहे, हे तिनेच कळवलं आहे.

कलम दुसरे. माझं घर, बँकेतली शिल्लक, मोटार आणि मागची सफरचंदाची झाडं माझ्या दिवंगत भावाची मुलगी ॲडेलिन हिला द्यावीत. या मृत्युपत्राचा अंमलही तिनेच करावा. पोर हुशार आहे, प्रेमळ आहे, फक्त हसते फार. माझ्या भीतीलाही हसते. ॲडेलिन, पुढची कलमं वाचताना एकदा तरी हसू नकोस, एवढीच तुला अट.

कलम तिसरे. टाक, शाई, कुंचले आणि चित्राचं टेबल गावच्या शाळेला. माझ्या आत्याचा मोजपट्टीचा फितादेखील या सामानात आहे, तो मात्र शाळेला नाही. तो बर्ट सँडिफर यांना पाठवावा. ते माझ्या चित्रांवरून काढलेल्या दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमाचे निर्माते. का, ते पुढे येईल.

कलम चौथे. आता मॉर्टलेक मंडळी, म्हणजे माझ्या व्यंगचित्रांतलं ते भुताटकीचं कुटुंब. ही मंडळी काढण्याची मुभा माझ्यानंतर कोणालाही नाही. ज्यांना ती कुठून आली हे माहीत नाही, ते ती नुसती गमतीची म्हणून काढतील, म्हणून मूळ लिहून ठेवतो.

मी नऊ वर्षांचा असताना आमच्या घरात घटसर्प शिरला. माझी बहीण लॉटी पाच वर्षांची होती. ती सकाळी गेली असं डॉक्टर म्हणाले. आईबाप दोघंही तापाने अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे सगळं गेर्ट्जी आत्याच्या हातात. सरकारी हुकूम असा की घटसर्पाचं प्रेत घरात ठेवायचं नाही, झाकण उघडं ठेवायचं नाही, लोक जमवायचे नाहीत. आत्याने फित्याने लॉटीचं माप घेतलं, पेटी आली, खिळे बसले. पेटी बैठकीच्या खोलीत दोन खुर्च्यांवर ठेवली होती. मी दारात उभा होतो, आणि मला आतून टकटक ऐकू आली.

मी आत्याला जाऊन सांगितलं.

"उंदीर असेल," ती म्हणाली.

"आत्या, पेटीतून येतेय."

"हार्मन, मेलेली माणसं दार ठोठावत नाहीत. जा, लाकडं आण."

मी तिचा झगा धरून रडलो, ओरडलो. आत्याने मला लाकडाच्या कोठीत कोंडलं. बाहेर काढलं तेव्हा पेटी गेलेली होती. आत्या वाईट नव्हती. ती माझ्याइतकीच घाबरलेली असावी, हे मला आता कळतं. तरी तिला मी माफ केलेलं नाही, आणि ही गोष्ट, ती आता जिथे असेल तिथे, तिच्यासकट सगळ्यांना कळावी.

पुढे मी शहरात जाऊन साप्ताहिकासाठी चित्रं काढू लागलो. मंदीचे दिवस. पहिल्या चित्रात एक उंच, काळ्या कपड्यातली बाई दारात आलेल्या विक्रेत्याचं खांद्यापासून पायापर्यंत माप घेते आहे, आणि तो बिचारा समजतो की कोट शिवणार. लोक पोट धरून हसले. तीच मॉर्टलेकांची आत्या. वर्षभराने तिच्यामागे एक घर उभं राहिलं, मग त्यात राहणारा डॉक्टर आजोबा आला, ज्याला नाडी कधीच सापडत नाही. मग अंथरुणावरून न उठणारे हसतमुख आईबाप आले. एकेक जण वाढत गेला आणि प्रत्येकाला मी जरा बरं वागवलं. आत्याला मऊ केलं, आजोबाला विनोद दिले. ज्याची भीती वाटते त्याला हसवलं की ते मागे सरकतं, असं मला वाटायचं. सरकतं, पण खोलीबाहेर जात नाही.

धाकटी सगळ्यांत शेवटी आली. मी ती मुद्दाम काढली नव्हती. चित्राच्या कोपऱ्यात, पाठमोरी, झबल्यातली पोरगी, कपाटावर बोटं वाजवणारी. पुढच्या चित्रात भिंतीवर. मग झाडाच्या खोडावर. मंगळवारी आम्ही कच्ची चित्रं घेऊन संपादकांपुढे बसायचो. लेव्हिट साहेबांनी एकदा चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "ऑस्ट्रँडर, ही पोरगी ठोकतेय ती आत जायला की बाहेर यायला?"

"सवय आहे तिची," मी म्हणालो.

"मग एकदा दार उघड की रे तिला!"

सगळे हसले. मी बाहेर जाऊन जिन्यावर बसलो.

कलम पाचवे. दूरचित्रवाणीवाल्यांनी या मंडळींना मॉर्टलेक हे आडनाव दिलं, घराला बाग दिली, आत्याला गाणं दिलं. ते चालेल. पण धाकटीच्या प्रत्येक टकटकीवर सँडिफर साहेबांनी प्रेक्षकांचं टेप केलेलं हसू टाकलं. मी फोन केला तेव्हा म्हणाले, "अहो, तीच तर सगळ्यात मोठी गंमत! पुढच्या हंगामात कपाट उघडणार आहोत, आत काय ते तुम्हीच सुचवा." मी फोन ठेवला. कपाट उघडू नये. धाकटीवर हसू टाकू नये. करारात तिच्यापुरता शेवटचा शब्द माझा आहे आणि माझ्यानंतर ॲडेलिनचा. सँडिफर साहेबांनी आत्याचा फिता भिंतीवर लावावा आणि कधीतरी स्वतःच्या पोरीचं माप घेऊन पाहावं.

कलम सहावे. माझं प्रेत लगेच पुरू नये. वास सुटेपर्यंत ठेवावं. शेजारी नाक मुरडतील, मुरडू देत. पेटीला खिळे नकोत, आतून ढकलता येईल असं हलकं झाकण हवं. ॲडेलिन, तू म्हणाली होतीस, "काका, आता औषधं आहेत, यंत्रं आहेत, असं काही होत नाही हो." त्या दिवशीही डॉक्टर होता, बाळ.

कलम सातवे. याच कलमासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. धरणाचं पाणी चढणार म्हणून या उन्हाळ्यात जुन्या गावची कबरस्तानं वर टेकडीवर हलवली. नियम असा होता की प्रत्येक पेटी उघडायची, आतलं नव्या पेटीत ठेवायचं आणि कागदावर लिहायचं. आमच्या खोऱ्याची रीत वेगळी. कबर उघडताना घरच्यांनी पाठ करून उभं राहायचं, मेलेल्याला आपली लाज वाटू नये म्हणून. मी लॉटीच्या कबरीकडे पाठ करून उभा राहिलो. फावड्याचा आवाज ऐकला, मग लाकडाचा, मग काहीच नाही. काम एनॉस टॉम्पकिन्स करत होता, आमच्या शाळेतला, कबरी खणण्यात जन्म गेलेला. "झालं रे," तो म्हणाला आणि मी मागे न बघता घरी आलो. तेव्हापासून दुकानात भेटला की तो माझी नजर चुकवतो. त्याने पाहिलं आहे. ती कशी पडली होती, हात कुठे होते, ते त्याला ठाऊक आहे, आणि मला विचारण्याची हिंमत नाही.

म्हणून माझी इच्छा अशी. मला लॉटीच्या शेजारी ठेवल्यावर, माती टाकण्याआधी एनॉसने खाली वाकून माझ्या पेटीवर ठोकावं. ती शांत निजलेली असेल तर एकदा. नसेल तर ठोकू नये. तेव्हा तरी मला कळेल, आणि कळलं तरी पळून जाता येणार नाही.

वरील मजकूर मी लिहून वाचला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे.

सही: हार्मन पीटर ऑस्ट्रँडर

साक्षीदार: हेस्टर व्होरहीस, पोस्टमास्तर
साक्षीदार: एनॉस टॉम्पकिन्स

सहीनंतर जोडलेला मजकूर, त्याच टेबलावर, तेच साक्षीदार हजर असताना.

साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असं नाही, पण एनॉसने वाचला. वाचून झाल्यावर टोपी काढून मांडीवर ठेवली.

"हार्मन, मला हे जमणार नाही."

"एक टकटक, एनॉस. तेवढीही नाही?"

"मी बघितलंच नाही रे."

हेस्टरबाई म्हणाल्या, "म्हणजे काय? तू उघडली ना पेटी?"

"ओकची होती, अख्खी निघाली. मी ती तशीच मोठ्या पेटीत घातली, वर झाकण मारलं आणि कागदावर नेहमीचं लिहून दिलं. बाकी सगळ्यांच्या उघडल्या, देवाशपथ. हिची नाही." तो माझ्याकडे बघेना. "तुझी चित्रं माझ्या घरी येतात ना. बायको कापून ठेवते. ती कोपऱ्यातली पोरगी... मी कटावणी लावली आणि मला वाटलं, आता ही ठोकणार. माझ्या हातून नाही झालं."

हेस्टरबाईंनी पाणी आणून दिलं. एकदा आत्याने बघितलं नाही. मग मी पाठ फिरवली. आणि ज्याने बघायचं त्याला मीच चित्रं काढकाढून घाबरवून ठेवलं.

सबब कलम सातवे रद्द. उद्या सकाळी एनॉस कटावणी घेऊन माझ्याबरोबर टेकडीवर येत आहे. परवानगीचं त्याचं तो बघेल म्हणतो. या वेळी घरच्यांच्या रीतीने तो पाठ करून उभा राहील. मी तोंड तिकडे करून उभा राहणार आहे. मला अतोनात भीती वाटते आहे, हे लिहिताना अक्षर हलतं आहे ते म्हणूनच, दारूने नव्हे. माझी छाती तिथेच थांबली तर बाकीची कलमं लागू व्हावीत आणि कोणी एनॉसला दोष देऊ नये.

झाकण काढण्याआधी मी ठोकणार आहे. कोणीतरी आलं आहे, हे तिला आधी कळलं पाहिजे.

सही: हार्मन ऑस्ट्रँडर
साक्षीदार: हेस्टर व्होरहीस
साक्षीदार: एनॉस टॉम्पकिन्स

नवे केटल हॉलो, मंगळवार, १२ ऑक्टोबर १९६५