दानीच्या मनगटाचा फोटो

।। शिव प्रसन्न ।।
औसा, ता. ९-१०-८६

चि. सौ. सिंधूस आईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. आम्ही समदे बरे हाव. औंदाबी पाऊस न्हाई, आड आटलाय. टँकर आला की शेजारणींची तोंडं दिसतात, तेवढंच दुष्काळाचं चांगलं.

तुझा भाऊ शिवलिंग हरखला होता. त्याची दानी लातूरच्या खो-खोत निवडली गेली, आपल्या नव्या जिल्ह्याकडून. आन् हरकत घेतली कुणी, तर नांदेडच्या पोरींना शिकवणाऱ्या तुझ्या नवऱ्यानं. खेळ चौदाच्या आतला, दानीला दाखल्यावर पंधरावं चालू, म्हणून तिला खेळाबाहेर बसवा म्हणून राहिलेत.

अगं, तुझे बाबा तिला शाळेत घेऊन गेले तवा गुरुजी म्हणाले, डोक्यावरून हात घालून पलीकडचा कान धर. कान हाताला लागला की पोर सहाची, अशी ती मोजणी. आपली दानी लांब हाताची, तिनं चारातच धरला. गुरुजींनी वय सहा लिहून जन्मतारीख एक जून टाकून दिली. खरं तिला तेरावं चालू हाय. पोरगी धड जेवत न्हाई, कुणाशी बोलत न्हाई. शिवलिंग तिला पुढच्या शनवारी तुझ्याकडं सोडील. जावईबापूंना म्हणावं, सासू रागावली न्हाई, नुसती लई बघून राहिलीय.

तुझी आई मल्लम्मा

भोकर, ता. २६-१०-८६

ती. आईस सिंधूचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. म्हणाले, घरची पोर म्हणून डोळा झाकला तर बाकीच्या पोरींना काय तोंड दाखवू. पण सोमवारी तेच दानीला नांदेडच्या दवाखान्यात घेऊन गेले. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडाला धरून दाखवला. वाढत्या पोरांच्या हाडांच्या टोकाशी फट असते, वय झालं की ती भरते. दानीच्या फटी अजून उघड्या आहेत. हाड काही तारीख सांगत नाही, वर्षभर इकडंतिकडं होतं, पण ही पोर बारा-तेराची, पंधराची नव्हे, असं बाईंनी लिहून दिलं. यांनी पंचांपुढं आपणहून हरकत मागं घेतली.

काल सामना झाला. मैदानावर मारायला पाणी नव्हतं, धुळीत पोरी दिसेनात. आमची शेवटची पोर खांबाला वळसा घालत होती, तिला दानीनं सूर मारून टिपलं. लातूर जिंकलं. जेवताना यांनी दानीच्या ताटात स्वतः तूप वाढलं. दानी दोन्ही गुडघे फोडून घेऊन, हसत उद्याच्या गाडीनं येते आहे.

तुझी सिंधू

औसा, ता. २९-१०-८६

चि. सौ. सिंधूस अनेक आशीर्वाद.

दानी पोचली, तिच्या मनगटाचा फोटोही पोचला. मी खिडकीला धरून बघितला, गल्लीतल्या बायांनाही दाखवला. एक म्हणाली, पोरीचा हात किती वाळलाय. तिला म्हटलं, बाई, सगळ्यांचा आतून असाच असतो.

आता गंमत ऐक. दाखल्यावरलं पंधरावं कुणी उकरलं नसतं, तरी पुढल्या साली लातूरवाल्यांनीच तिला मोठी म्हणून सोडली असती. आता पंचांच्या कागदावर ती तेराव्यातली हाय. म्हणजे पुढल्या सालीही ती चौदाच्या आतच खेळणार, नांदेडच्या पोरींविरुद्ध. हे जावईबापूंनीच आपल्या हातानं करून दिलं. त्यांना सांग, सासू लई खूश हाय, आन् पोरींना आतापासूनच पळायला लावा.

लोभ हाय तसा राहू दे, हरकत घेणाऱ्यांचाही.

तुझी आई मल्लम्मा