आपली केळी जातात तिथून

पठाणकोट, सोमवार

प्रिय ललितचे पप्पा,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला, हसू नका. तेहेतीस वर्षांत तुम्हाला पत्र लिहायची वेळच आली नाही, कारण मी कुठे गेलेच नाही. फोन करता आला असता. पण फोनवर तुम्ही नुसतं ‘हं’ म्हणता, आणि विहिरीच्या मोटारीची लाइट आली की बोलणं अर्ध्यावर टाकून पळता. म्हणून लिहिते. आणि हे वाचून संपेपर्यंत बागेत जायचं नाही, सांगून ठेवते.

पहिली गोष्ट, मी हरवलेली नाही. ललितला मेसेज टाकलाय. यात्रा कंपनीच्या मॅनेजरला ‘माझ्या जबाबदारीवर उतरत आहे’ असं लिहून सही करून दिलीय. तुमच्या हाती हे पत्र पडेल तोवर बस जळगावला पोचलेली असेल आणि आपल्या गल्लीतल्या धुरपदाबाईनं, कुंदा पंजाबात पळून गेली, असं अख्ख्या असोद्याला सांगूनही झालं असेल. सांगू दे बिचारीला. बसमध्ये तिचं तोंड नऊ दिवस शेवेनं भरलेलं होतं, आता जरा मोकळं होईल.

आता रागाचं बोलून घेते, नाहीतर पुढचं नीट लिहिता येणार नाही. तुमची बॅग बसमध्ये चढली होती हो! तुमचा एक पाय पायरीवर होता. तेवढ्यात केळीच्या व्यापाऱ्याचा फोन आला, उद्या गाडी लागतेय, कापणी करून ठेवा. तुम्ही बॅग काढलीत, मला म्हणालात, तू जाऊन ये, मी पुढच्या वर्षी. आणि असं म्हणालात जणू मी मार्केटला मेथी आणायला निघालेय. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत माझे केस पांढरे झाले. तुमच्या चौदा नंबरच्या सीटवर आचाऱ्यानं कळण्याच्या भाकरीच्या पिठाचं पोतं ठेवलं. नऊ दिवस मी त्या पोत्याशेजारी बसून हिंदुस्थान पाहिला.

आणि पाहिला तरी काय! अमृतसरला उतरलो तर वरण-बट्टी, माताराणीच्या डोंगराच्या पायथ्याशी भरीत-भाकरी. बसमधले सगळे आपल्याकडचेच, गप्पा कपाशीच्या आणि सुनांच्या. प्रत्येक ठिकाणी मॅनेजर शिट्टी वाजवून सांगायचा, वीस मिनिटं. वीस मिनिटांत आमच्या बायका फोटो काढून, पर्स घेऊन, बाथरूमला जाऊन परत. एकदा एका म्हाताऱ्या सरदारजींनी मला काहीतरी आपुलकीनं विचारलं. मी उत्तर जुळवेस्तोवर शिट्टी झाली. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मी पळाले. त्या दिवसापासून माझा जीव बसमध्ये रमेना. बसले तर पायाला मुंग्या, उभी राहिले तर मॅनेजर ओरडायचा. अंताक्षरीत माझ्यावर आलेलं अक्षरसुद्धा मी धुरपदाबाईला देऊन टाकलं.

तुम्हाला आठवतं का, लग्नाच्या पहिल्या वर्षी मी बांधावर उभी राहून केळीची गाडी वळणापर्यंत बघत होते? तुम्हाला विचारलं होतं, ही कुठे जाते? तुम्ही म्हणालात, वर. वर म्हणजे कुठे? तर म्हणे, वर. तेवढ्यावर माझं समाधान व्हावं अशी तुमची अपेक्षा होती. मग किती वर्षांनी आपल्या गाडीवरच्या ड्रायव्हरला, अभिमनला चहा देताना मी विचारून घेतलं. तो म्हणाला, काकू, तुमचा माल पठाणकोटच्या मंडीत उतरतो. तेव्हापासून हे नाव माझ्या डोक्यात आहे. तुम्हाला कधी बोलले नाही. बोलले असते तर म्हणाला असता, तिथे काय ठेवलंय?

शनिवारी आमची बस पठाणकोटला जेवायला थांबली. आचारी बट्ट्या भाजत होता. मी पाटीवर पठाणकोट वाचलं. उठले, मॅनेजरला कागद लिहून दिला, बॅग उचलली आणि रिक्षावाल्याला म्हटलं, फलमंडी. धुरपदाबाई खिडकीतून हाका मारत होती. खरं सांगते, भीती वाटली. पण पाय काही मागे वळेनात.

मंडी म्हणजे मला वाटलं होतं केवढी मोठी असेल. तर चिखलाची एक गल्ली, पत्र्याच्या शेड, गाई फिरताहेत. एका आडत्याला मोडक्या हिंदीत सांगितलं, मैं जलगाँव से, केला मेरा. तो आधी हसला. मग त्यानं मला केळी पिकवायच्या खोलीकडे नेलं आणि जाड दार ओढलं. आतून गार हवा आली आणि पुढे भिंतच्या भिंत पिवळी! अहो, आपण सगळा जन्म केळी हिरवी कापून हिरवीच गाडीत भरली. घरच्या चार फण्या पिकतात तेवढंच आपलं पिवळं. इतकं पिवळं मी हळदीतही पाहिलं नव्हतं. आणि वरच्या क्रेटला चिठ्ठी होती, ‘प्रे. असोदा’. तुमच्या अक्षरातली. ज्या कापणीसाठी तुम्ही बसमधून उतरलात, तोच माल. मी तिथे दाराला धरून रडले. राग होता, तो त्या गारठ्यात कुठे गेला कळलंच नाही. एवढंच वाटलं, हे यांनी बघायला हवं होतं.

मंडीच्या फाटकाशी माझ्याच वयाच्या सुरिंदर नावाच्या बाईची केळ्यांची हातगाडी आहे. तिनंच मला पाणी दिलं आणि तिच्या माडीवर जागा दिली. दोन दिवस झाले, मी तिच्या गाडीवर उभी राहते. ती ओरडते, भुसावली केला! मी म्हणते, असोदेका बोल. ती म्हणते, असोदा इथे कोण ओळखतं? त्यावरून आमचं रोज भांडण. एका पोरीला पहिला दात आलाय, तिची आई तिच्यासाठी रोज एक केळ नेते, आपलं केळ. सुरिंदरनं मला मक्याची रोटी शिकवली, मी तिला ठेचा. बसमध्ये नऊ दिवसांत जे झालं नाही ते इथे दोन दिवसांत झालं.

आज अभिमन इथे आलाय. वर काश्मीरहून सफरचंदं भरून तो जळगावकडे निघालाय. हे पत्र त्याच्याच हाती देते. तो गुरुवारी पोचेल. शुक्रवारी आपल्या खालच्या बागेची कापणी आहे, माझ्या लक्षात आहे. तो माल अभिमनच आणणार आहे, गाडी भरली की तुम्ही तिच्यात बसा. बागेला पाणी द्यायला आपला गडी तोताराम आहे, त्याला माझं नाव सांगा, तो नाही म्हणणार नाही. केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी एकच जागा असते, ती मी अभिमनला धरून ठेवायला सांगितलीय. तिच्यावर पीठबीठ ठेवायचं नाही. वाटेत त्याच्याबरोबर ढाब्यावर जेवा आणि कोणी आपुलकीनं विचारलं तर निवांत उत्तर द्या, कोणी शिट्टी वाजवणार नाही. नाही आलात तरी मी घरी येईनच, घर माझंही आहे. पण मग आधी एकटीच जम्मूच्या पुढे जाऊन येईन, आणि पुन्हा तुम्हाला चला म्हणणार नाही. हे एवढं विचारायलाच पत्र लिहिलं. पुढच्या मंगळवारी गाडी इथे लागेल तेव्हा मी मंडीच्या फाटकाशी उभी असेन. आधी केबिनकडे बघेन, मग केळीकडे.

तुमचीच, अजून तरी वाट बघणारी,
कुंदा