बगळ्याचा गळा

जामखेड,
१२ नोव्हेंबर २०२५

चि. आदिनाथ यास,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा थंडी पडायच्या आधीच कुरकुरायला लागलाय, पण दारात कुणी आलं की ताडकन उठून चहा टाकते, तेव्हा दुखणं किती खरं ते तूच ठरव. दिवाळीला तू आला नाहीस. दादांच्या पुस्तकावरच्या सिनेमाच्या गडबडीत आहेस हे आम्हाला शेजारच्या मालनबाईंनी टीव्हीवर पाहून सांगितलं. माझ्या वर्गातले निम्मे बाक रिकामे झालेत. ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे गेल्या, पोरं त्यांच्यामागं गेली.

फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "ताई, तू समजून घे" म्हणतोस आणि मग तूच समजावत बसतोस. पत्रात मध्ये तोंड घालता येत नाही.

दादांच्या ‘अर्ध्यांचा देश’ या पुस्तकावरचं तुझं भाषण मोबाईलवर पाहिलं. बोलतोस छान, बापाचाच आवाज आलाय तुझ्यात. एक हात, एक पाय असलेले ते अर्धे लोक म्हणजे स्वतःचा शोध घेणारा माणूस, असं म्हणालास. गोष्टीतली पोर वेणू दारातून पलीकडं जाते तो बालपणाचा निरोप. दारावर डोळे मिटून गाणारा बगळा म्हणजे योगी आणि त्याचं गाणं म्हणजे माणसाच्या आतला नाद. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईने डोळे पुसले. मी तव्यावर भाकरी टाकली होती, ती करपली.

अरे, जामखेडात जन्मलास ना तू? नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, त्याला मुकादम टोळीत घ्यायला नाखूश. मग हंगामाच्या तोंडावर घाईघाईने पोरगी बघायची, लग्न उरकायचं आणि जोडी ट्रॅक्टरमध्ये बसवायची. याला गेटकेन लग्न म्हणतात, हा शब्दही पुण्यात राहून विसरला असशील. दादांच्या गोष्टीत अर्ध्याला कुणी कामाला लावत नाही, दारावर त्याला दुसरा अर्धा चिकटवतात आणि मगच आत सोडतात. यात नाद कुठून काढलास तू? लहान पोरांनाही हे कळतं. माझ्या वर्गात मी त्यातला उतारा वाचला तर मागच्या बाकावरचा म्हणाला, "बाई, ह्यो तर आमचा सुनीलकाका."

आता तुझ्या मागणीकडे येते. नव्या आवृत्तीत शेवटचं प्रकरण सिनेमासारखं करायचं, म्हणजे बगळ्याच्या गाण्याने दार मोडतं आणि वेणू परत येते. त्यासाठी वारस म्हणून माझी सही हवी. आणि प्रकाशनाला ज्ञानेश्वरीला स्टेजवर आणायचं, ‘गुरुजींनी जिला वाचवलं ती खरी वेणू’ म्हणून. हे तुला कुणी सांगितलं? कुणीच नाही. दादांच्या वर्गातली एक मुलगी आणि ती वेणू, एवढं कुठूनतरी कानावर आलं आणि वाचवलं हे तू तुझ्या पदरचं घातलंस.

तू तेव्हा चार वर्षांचा होतास. ज्ञानेश्वरीच्या लग्नात बुंदी खाऊन माझ्या मांडीवर झोपलास. तुला माहीत नाही यात तुझा दोष नाही. माहीत करून घ्यावंसं वाटलं नाही, तो मात्र आहे.

ज्ञानेश्वरी माझ्या शेजारी बसायची, सातवीत. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी ती आपल्या घरी आली. दादा ओट्यावर होते, मी आत भांडी घासत होते. ती म्हणाली, "गुरुजी, तुमी म्हनलात तर आप्पा ऐकत्याल." दादा म्हणाले, "बघतो." ती बराच वेळ खांबाला धरून उभी राहिली, मग गेली.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील नारळ घेऊन दादांना न्यायला आले. आसपासच्या गावांत मंगलाष्टका म्हणाव्यात तर काकासाहेब गुरुजींनीच, हे तुला आईने शंभरदा सांगितलंय. दादा गेले. जिचं नाव त्यांच्याच हजेरीपटावर होतं, जिची हजेरी त्यांनी त्याच आठवड्यात घेतली होती, तिच्या लग्नात ते डोळे मिटून गायले. फार सुंदर गायले. बायका रडल्या. ज्ञानेश्वरी रडली नाही, ती सारखी त्यांच्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे.

त्यानंतर दादा कुठल्याच लग्नात गायले नाहीत. नारळ घेऊन येणाऱ्याला म्हणायचे, "गळा बसलाय." मरेपर्यंत हेच उत्तर. आता शेवटचं पान काढून वाच. वेणू बगळ्याला म्हणते, तू हाक मारलीस तर दार बंद होईल. बगळा हाक मारत नाही, गातो. त्याच्या गाण्यानेच दार उघडतं, ती आत जाते आणि बगळ्याचा गळा कायमचा बसतो. तुमच्या सिनेमात त्याच गाण्याने दार मोडतं. परवा आपल्या गल्लीतल्या वरातीत डीजेवर ते गाणं वाजलं. माझा संताप झाला, मी खिडक्या लावून घेतल्या.

पुस्तक छापून आलं तेव्हा पहिली प्रत दादांनी कुणाला दिली माहीत आहे? तुला नाही, आईला नाही. मला सोबत घेऊन ते ज्ञानेश्वरीच्या सासरी वस्तीवर गेले. ती हंगामावरून आली होती, कडेवर मूल होतं. दादांनी ते शेवटचं पान तिला मोठ्याने वाचून दाखवलं आणि मान खाली घालून बसले. तिने चहा केला. "लिव्हलं, बरं झालं," एवढंच म्हणाली. माफ केलं असं म्हणाली नाही. दादांनी ते मागितलंही नाही.

आणि तू त्यांना योगी करून ठेवलंस. मला दादांचा राग आहे, आदू, आजही आहे. पण जे केलं ते त्यांनी लिहून ठेवलं. एवढी एकच धमक त्यांनी आयुष्यात दाखवली, तीही तू पुसायला निघालास, तेसुद्धा त्यांच्या प्रेमापोटी.

तुझा निरोप घेऊन मी ज्ञानेश्वरीकडे गेले आणि तिला सिनेमा दाखवायला घेऊन आले. मी तिला शेवटाबद्दल काही सांगितलं नव्हतं. दार मोडलं, वेणू धावत घरी आली, लोकांनी शिट्ट्या मारल्या. ज्ञानेश्वरी पडद्याकडे बघत राहिली. बाहेर आल्यावर रसवंतीच्या बाकावर बसलो तर ती रस प्यायली नाही. कंबर गेली आहे तिची, बसताना दोन्ही हात टेकते. ग्लास बाजूला सारून म्हणाली, "हे गुरुजींनी बदललं का मरायच्या आधी?"

मी म्हटलं, "नाही. आदिनाथने."

"मंग ठीक हाय. मला वाटलं गुरुजी फिरले." मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "ज्योते, माझं आयुष्य तर गेलं. माझ्यापशी तेवढं एक पान हाय. त्येबी त्याला पायजे व्हय?"

तुझ्या वतीने मी मान खाली घातली. आपल्या घरात ती रीतच आहे.

स्टेजचं विचारलं तर म्हणाली, "यीन की. पर वाचवलं म्हनायचं आसंल तर वाचवलेली दुसरी हुडका." तेव्हा तिला बोलवायचं असेल तर हे धरून बोलव. माईक तिच्या हातात देशील तेव्हा मध्ये तोंड घालू नकोस.

आईला यातलं सगळं माहीत आहे. त्या लग्नात तीही होती. तुझं भाषण ऐकून डोळे पुसले तेव्हा मी विचारलं, कशाला रडतेस, तर म्हणाली, त्याला तरी काही माहीत नाही ते बरंय. आता तेही राहिलं नाही. तिच्यावर रागावू नकोस, थंडीत एकदा येऊन जा. गुडघ्याचं तेल पुण्याहून आणलंस तर बरं.

संमतीपत्र सोबत परत पाठवते आहे, कोरं. माझी सही इथेच, या पत्राखाली.

तुझ्यासारखीच बगळ्याच्या घरात वाढलेली,
ज्योती